ड्रिप आणि लीक यांत फरक काय? इंग्रजी शब्द गोतावळ्यासकट शिकण्याची रीत

केळीच्या बागेत ठिबकच्या नळीतून थेंब पडतो, तो ‘ड्रिप’. तीच नळी खारीने कुरतडली आणि भलत्याच जागी पाणी गळायला लागलं, की तो ‘लीक’. दोन्हीकडे पाणी थेंबानेच पडतं, पण एक थेंब आपण पैसे मोजून पाडतो आणि दुसरा थांबवायला धावत सुटतो. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडला तर दोन्हींपुढे ‘गळणे’ सापडतं. तेवढंच पाठ करणाऱ्याला शब्द येतो, पण तो कुठे वापरायचा ते येत नाही.

रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला ‘ड्रिप’, ‘व्हॉल्व्ह’, ‘फिल्टर’, ‘मल्चिंग’, ‘टिश्यू कल्चर’, ‘स्टार्टर’ हे शब्द कुणी शिकवले नाहीत. वस्तू हातात होती, काम रोजचं होतं, शब्द आपोआप चिकटला. खालची सगळी रीत यावरच उभी आहे: शब्दाला काम द्यायचं, दोन भाऊबंद द्यायचे, एक विरोधक द्यायचा आणि त्याला आपल्या ओळखीच्या वाक्यात बसवायचं. शाळेतल्या पोरापोरींना, भरतीची तयारी करणाऱ्यांना, दुकानातून बाहेरच्या व्यापाऱ्याशी बोलावं लागणाऱ्यांना ही रीत सारखीच लागू पडते.

सामान

२०० पानी आखीव वही, ए-फोर आकाराचे कोरे कागद, चपलांचं रिकामं खोकं, आणि शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. शेवटची वस्तू महत्त्वाची. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही असे शब्दकोश आहेत आणि तिघांचेही मोबाइलवर फुकट पाहता येतात. त्यांत अर्थ सोप्या शब्दांत सांगितलेला असतो, प्रत्येक अर्थाखाली वाक्य असतं, उच्चार ऐकता येतो. इंग्रजी-मराठी शब्दकोश किंवा गूगल ट्रान्सलेट अर्थाची खात्री करायला जवळ असू द्या, पण सुरुवात तिथून करू नका. ‘बँक’ टाकलं की पैशांची बँक येते. तापीचा काठही ‘बँक’च असतो, हे तिथे पटकन दिसत नाही.

वेळ रोज ४० मिनिटं: २० नव्या शब्दांना, २० उजळणीला. रविवारी नवा शब्द घ्यायचा नाही.

रोज पाच शब्द, तेही आपल्या वाटेवरचे

रोज २० शब्दांची यादी घेणारे साधारण दुसऱ्या आठवड्यात थांबतात. आळस हे त्याचं कारण नाही, साधं गणित आहे. प्रत्येक शब्दाची पाच वेळा उजळणी करायची, तर रोज २० नवे घेणाऱ्यासमोर महिनाभरात दिवसाला १०० जुने शब्द येऊन बसतात. पाच घेणाऱ्यासमोर २५ येतात, ते १२-१५ मिनिटांत होतात. सहा दिवसांचे ३०, महिन्याचे सव्वाशेच्या पुढे. प्रत्येकासोबत दोन-तीन नातेवाईक येतात ते वेगळेच.

शब्द आणायचे कुठून? बियाण्याच्या पाकिटावरून, औषधाच्या बाटलीवरून, बँकेच्या पासबुकावरून, भुसावळच्या फलाटावरून. भुसावळ जंक्शनला तासभर बसलात तर गाडी वेळेवर न येण्याचे पाच प्रकार कानावर पडतात. ‘डिलेड’ म्हणजे गाडीला उशीर झालाय. ‘रिशेड्यूल्ड’ म्हणजे मूळ स्टेशनातून सुटण्याची वेळच पुढे ढकललीय. ‘डायव्हर्टेड’ म्हणजे ती दुसऱ्या मार्गाने वळवलीय, कदाचित इथे येणारच नाही. ‘शॉर्ट टर्मिनेटेड’ म्हणजे शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडेच तिचा प्रवास संपवलाय. ‘कॅन्सल्ड’ म्हणजे रद्द, घरी जा. यादीत हे पाच शब्द पाठ करायला कंटाळा येईल. हातात तिकीट असताना ते एका दुपारीत येतात.

भेटलेला प्रत्येक शब्द मात्र वहीत घ्यायचा नाही. दोन चाळण्या लावा. आठवड्यात तो दोनदा भेटला का? आणि ऑक्सफर्डने सर्वांत उपयोगी म्हणून काढलेल्या ३००० शब्दांच्या यादीत तो आहे का? दोन्हींपैकी एक उत्तर ‘हो’ असेल तर घ्या. या ३००० मधले शब्द पक्के नसताना अवघड, भारदस्त शब्दांच्या मागे लागणं म्हणजे पाया न भरता स्लॅब टाकणं.

वहीचं एक पान

एका शब्दाला अर्धं पान. उदाहरणासाठी ‘स्केअर्स’ घेऊ. खान्देशात एप्रिल-मे आला की हा शब्द वर्तमानपत्रात भेटतोच.

पहिल्या ओळीत स्पेलिंग: एस-सी-ए-आर-सी-ई. त्याखाली ऐकून लिहिलेला उच्चार: स्केअर्स. ‘स्कार्स’ नाही, ‘स्कार’ म्हणजे जखमेचा व्रण. उच्चार ऐकल्याशिवाय लिहू नका, एकदा चुकीचा बसला की निघत नाही. आपल्याकडे ‘स’ने सुरू होणाऱ्या जोडाक्षरापुढे ‘इ’ लावायची सवय आहे, इस्टेशन, इस्कूल. ‘इस्केअर्स’ होऊ देऊ नका.

दुसऱ्या ओळीत शब्दाची जात: विशेषण. तिसऱ्या ओळीत अर्थ, पण फक्त ज्या वाक्यात तो भेटला तिथला: गरजेपेक्षा कमी उपलब्ध असलेला, टंचाईचा.

चौथ्या ओळीत दोन समानार्थी आणि त्यांच्यातला फरक. ‘रेअर’ आणि ‘इनसफिशिअंट’. फरक लिहिल्याशिवाय ही ओळ पूर्ण होत नाही. ‘स्केअर्स’ गोष्ट एरवी नेहमीची असते, सध्या मिळेनाशी झालेली असते, जसं मे महिन्यातलं पाणी. ‘रेअर’ गोष्ट मुळातच क्वचित आढळते. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडलं नव्हतं, ते १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा दिसलं, ११३ वर्षांनी. ते ‘रेअर’. पाणी कधी ‘रेअर’ होत नाही आणि रानपिंगळ्याला सहसा कुणी ‘स्केअर्स’ म्हणत नाही. ‘इनसफिशिअंट’ला मोजमाप लागतं: इतकं हवं होतं, तितकं नाही. खात्यात पैसे कमी असले की बँक हाच शब्द वापरते.

पाचव्या ओळीत विरुद्धार्थी: ‘प्लेंटिफुल’. सहाव्यात दोन वाक्यं, एक शब्दकोशातलं जसंच्या तसं, एक स्वतःचं: ‘वॉटर बिकम्स स्केअर्स इन अवर व्हिलेज व्हेन द वेल्स ड्राय अप इन मे.’ उरलेली जागा रिकामी सोडा. पुढे ‘स्केअर्सिटी’ भेटेल तेव्हा तो इथेच येऊन बसेल.

समानार्थी म्हणजे जुळे नव्हेत

डोळा, नेत्र, नयन. शाळेत तिन्ही समानार्थी म्हणून लिहिले आणि गुणही मिळाले. पण गावात ‘नेत्रतपासणी शिबिर’ भरतं आणि दुपारी ‘डोळा’ लागतो. नेत्र लागला असं कुणी म्हणत नाही. अहिराणीत घरी ‘डोया’, वर्गात ‘डोळा’, बॅनरवर ‘नेत्र’. ही समज आपल्याला आधीपासून आहे, फक्त ती इंग्रजीकडे वळवायची आहे.

प्रत्येक समानार्थी जोडीला काही प्रश्न विचारायचे. पहिला प्रश्न: कमी की जास्त? कोमट पाणी ‘वॉर्म’, गरम ‘हॉट’, उकळतं ‘बॉइलिंग’. कीटकनाशकाच्या डब्यावर ही उतरंड कायद्यानेच छापलेली असते. त्रिकोण लाल किंवा पिवळा असेल तर ‘पॉयझन’, निळा असेल तर ‘डेंजर’, हिरवा असेल तर ‘कॉशन’. म्हणजे विष, धोका, सावधान. आणि विषारीपणा सांगणारी क्रियाविशेषणं त्याच क्रमाने उतरतात: ‘एक्स्ट्रीमली’, ‘हायली’, ‘मॉडरेटली’, ‘स्लाइटली’. हे चार शब्द एका रांगेत, चार रंगांसह वहीत काढून ठेवा. फवारणीच्या वेळीही उपयोगी पडतील.

दुसरा प्रश्न: बोलणाऱ्याचा सूर कसला? सडपातळ बाईला ‘स्लिम’ म्हटलं तर ती हसेल, ‘स्किनी’ म्हटलं तर चिडेल, ‘थिन’ म्हटलं तर तब्येतीची चौकशी केल्यासारखं होईल. काटकसरी ‘थ्रिफ्टी’, कंजूस ‘स्टिंजी’. पैसे दोघेही सारखेच वाचवतात.

तिसरा प्रश्न: घरगुती की कागदोपत्री? १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारात फ्रेंच, रानात जुनी इंग्रजी असा कारभार चालला. त्यातून इंग्रजीत एकाच कामाला दोन-दोन शब्द झाले: ‘बाय’ आणि ‘पर्चेस’, ‘आस्क’ आणि ‘इन्क्वायर’, ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’. आपल्याकडे ‘पाणी’ पितात आणि ‘जलशुद्धीकरण केंद्र’ बांधतात, तसंच हे. भरताची वांगी घेतल्यावर ‘आय पर्चेस्ड टू किलोज ऑफ ब्रिंजल्स’ म्हणणं चूक नाही, पण ऐकणाऱ्याला सरकारी बिल वाचल्यासारखं वाटेल. ‘बॉट’ म्हणा. वांग्याचंही एक नाव पुरत नाही: आपल्याकडे ‘ब्रिंजल’, इंग्लंडात ‘ऑबर्जिन’, अमेरिकेत ‘एगप्लांट’.

चौथा प्रश्न नवशिक्यांकडून सर्वांत जास्त सुटतो: या शब्दाचं बसणं-उठणं कुणाबरोबर? जोराचा पाऊस इंग्रजीत ‘हेवी रेन’ असतो, ‘बिग रेन’ नसतो. कडक चहा ‘स्ट्राँग टी’ असतो, ‘हार्ड टी’ नसतो. औषध ‘ईट’ करत नाहीत, ‘टेक’ करतात. टीव्ही ‘क्लोज’ करत नाहीत, ‘स्विच ऑफ’ करतात. या जोड्यांना तर्क नाही. आपण तरी कापूस ‘वेचतो’, भाजी ‘खुडतो’, गहू ‘कापतो’ आणि भुईमूग ‘उपटतो’, का ते कुणी सांगितलं होतं? इंग्रजीतही कापूस ‘पिक’ करतात, कोंबडीची पिसं ‘प्लक’ करतात, गहू ‘हार्वेस्ट’ करतात. म्हणून वहीत नुसता ‘रेन’ लिहू नका, ‘हेवी रेन’ असा जोडीनेच लिहा.

सोबतीत व्याकरणही येतं. ‘रीच’ आणि ‘अराइव्ह’ दोन्ही म्हणजे पोहोचणे. पण ‘आय रीच्ड जळगाव’ आणि ‘आय अराइव्ड इन जळगाव’. पहिल्याला मध्ये कुणी लागत नाही, दुसऱ्याला लागतो. ‘रीच्ड टू जळगाव’ ही आपल्याकडची ठरलेली चूक आहे, मराठीतला ‘जळगावला’मधला ‘ला’ तिथे घुसतो. ‘डिस्कस अबाउट’ही त्याच घरची.

आता एक जोडी अगदी जवळून बघू, कारण ती इथल्या बागेतली आहे: ‘मॅच्युअर’ आणि ‘राइप’. दोन्हींना मराठीत ‘पक्व’ म्हणून टाकतात. पण केळीचा घड कापतात तेव्हा केळी हिरवीगारच असते, फक्त भरलेली असते, तिच्या कडा गोलावलेल्या असतात. ती ‘मॅच्युअर’. पुढे पिकवणीच्या खोलीत जाऊन ती पिवळी आणि मऊ झाली, की ‘राइप’. रावेरहून ‘राइप’ केळी ट्रकमध्ये भरली, तर दिल्लीला पोहोचेपर्यंत ती आधी ‘ओव्हरराइप’ आणि मग ‘रॉटन’ होईल. बाहेरच्या व्यापाऱ्याला फोनवर ‘माझा माल राइप आहे’ सांगणं म्हणजे स्वतःच भाव पाडून घेणं. क्रियापद ‘रायपन’, म्हणजे पिकणे किंवा पिकवणे. केळीच्या व्यापारातले आणखी तीन शब्द याच पानावर येऊ द्या: घड म्हणजे ‘बंच’, फणी म्हणजे ‘हँड’, सुटं केळ म्हणजे ‘फिंगर’. मराठीने फणीत कंगवा पाहिला, इंग्रजीने पंजा.

विरुद्धार्थी: कुणाच्या विरुद्ध ते आधी विचारा

‘हॉट’च्या विरुद्ध काय? बहुतेकजण ‘कोल्ड’ म्हणतील. नंदुरबारच्या मिरची बाजारात उभे असाल तर उत्तर ‘माइल्ड’ आहे; तिखट मिरचीही ‘हॉट’ आणि कमी तिखट ती ‘माइल्ड’. तिथेच वाळत घातलेली मिरची ‘ड्राय’; तिच्या विरुद्ध ‘वेट’ नाही, ‘फ्रेश’. कपडे मात्र ‘ड्राय’ नसले की ‘वेट’. ‘ओल्ड’ माणसाविरुद्ध ‘यंग’, ‘ओल्ड’ मोटारसायकलीविरुद्ध ‘न्यू’. ‘लाइट’ पोत्याविरुद्ध ‘हेवी’, ‘लाइट’ रंगाविरुद्ध ‘डार्क’. म्हणून वहीत विरुद्धार्थी शब्द एकटा लिहू नका, नामासकट लिहा: ‘हॉट चिली, माइल्ड चिली’.

विरोधाच्याही तऱ्हा असतात. काही जोड्यांच्या मध्ये पायऱ्या असतात. ‘नॉट हॉट’ म्हणजे लगेच ‘कोल्ड’ होत नाही, मध्ये ‘वॉर्म’ आणि ‘कूल’ आहेत. काहींच्या मध्ये जागाच नसते, ‘अलाइव्ह’ नाही तर ‘डेड’. तिसरी तऱ्हा व्यवहाराची, तिथे एकच घटना दोन टोकांनी दिसते: ‘बाय’ आणि ‘सेल’, ‘लेंड’ आणि ‘बॉरो’. या शेवटच्या जोडीने मराठी माणसाला फार छळलंय, कारण आपण दोन्हीकडे ‘उसने’च म्हणतो आणि फरक ‘देणे-घेणे’वर सोडतो. इंग्रजीत शब्दच वेगळा. त्यांना शेपटासकट शिका: ‘लेंड टू’, ‘बॉरो फ्रॉम’. ‘टू’ म्हणजे माझ्याकडून गेलं, ‘फ्रॉम’ म्हणजे माझ्याकडे आलं.

पुढे जोडून विरुद्धार्थी करणारे तुकडे एका बैठकीत शिकता येतात, कारण त्यांचा नियम मराठी शाळेत शिकलेल्याला अर्धा येतोच. ‘इन’ हा तुकडा प, ब, म यांच्या आधी आला की ‘इम’ होतो: ‘इम्पॉसिबल’, ‘इम्बॅलन्स’, ‘इमॅच्युअर’. का? आपण ‘संपत्ती’ लिहितो आणि ‘सम्पत्ती’ म्हणतो, ‘संबंध’ लिहितो आणि ‘सम्बन्ध’ म्हणतो. ओठ मिटून म्हणायचं अक्षर पुढे येणार असलं, की आधीचा अनुनासिकही ओठांवर येतो. तोच परसवर्णाचा नियम. ‘ल’ आणि ‘र’ यांच्या आधी ‘न’ पुढच्या अक्षरात विरघळतो: ‘इल्लीगल’, ‘इर्रेग्युलर’. बोलताना एकच ल, एकच र ऐकू येतो, पण स्पेलिंगमध्ये दोन असतात. ‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होतं, त्यातलीच गोष्ट. स्पेलिंगमधलं दुसरं एल किंवा आर विसरणाऱ्याने ‘तल्लीन’ आठवावं.

‘अन’ मात्र कुणापुढे बदलत नाही: ‘अनपॉप्युलर’, ‘अनलिमिटेड’, ‘अनरिलायबल’. क्रियापदाला लागला तर तो केलेलं काम उलटवतो, ‘लोड’चं ‘अनलोड’, ‘लॉक’चं ‘अनलॉक’. ‘डिस’ म्हणजे बहुधा नकार किंवा तोडणं: ‘डिसअॅग्री’, ‘डिसकनेक्ट’. ‘मिस’ला विरुद्धार्थी समजू नका, तो ‘चुकीचं’ असं सांगतो. ‘मिसयूज’ म्हणजे न वापरणं नव्हे, गैरवापर. कोणत्या शब्दाला ‘इन’ आणि कोणत्याला ‘अन’, याला पक्का नियम नाही. शब्दकोश बघायचा, अंदाज करायचा नाही.

आणि काही शब्द सरळ फसवतात. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या आसपास उभे राहिलात तर इंधनाच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं दिसेल. इथला ‘इन’ नकाराचा नाही. ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ पेट घेणारा असाच आहे, विरुद्ध हवा असेल तर ‘नॉनफ्लेमेबल’. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे काही किंमत नसलेला नव्हे, अनमोल. ‘प्राइसलेस’ अमूल्य, पण ‘वर्थलेस’ कवडीमोल. ‘इनफेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध. ‘डिसइंटरेस्टेड’ पंच चांगला, तो निःपक्ष असतो; ‘अनइंटरेस्टेड’ पंच जांभया देतो. यांच्यासाठी वहीची शेवटची चार पानं वेगळी ठेवा.

वाक्य असं की शब्द झाकला तरी ओळखू यावा

‘ही इज जेनेरस.’ हे वाक्य निरुपयोगी आहे. ‘जेनेरस’ झाकला तर तिथे ‘टॉल’, ‘पुअर’, ‘सिक’ काहीही बसतं. आता हे बघा: ‘अवर जेनेरस नेबर गेव्ह अ बंच ऑफ बनानाज टू एव्हरी हाउस इन द लेन.’ गल्लीतल्या प्रत्येक घरी घड पाठवणारा शेजारी उदारच असणार. शब्द झाकला तरी वाक्य त्याच्याकडे बोट दाखवतं. लिहिलेलं प्रत्येक वाक्य घरातल्या कुणाला तरी शब्द झाकून दाखवा. त्यांना तीन अंदाजांत जवळचा शब्द सापडला तर वाक्य ठेवा, नाही तर कारण जोडून पुन्हा लिहा. ‘बिकॉज’, ‘बट’, ‘व्हेन’ यांपैकी एक घातला की पुष्कळदा काम होतं.

लांबी ८ ते १५ शब्द. त्याहून लांब वाक्यात शब्द सोडून व्याकरणच चुकायला लागतं. मजकूर आपल्या घरातला घ्या. लंडनच्या बर्फावर वाक्य लिहून काय मिळणार? त्यापेक्षा ‘वी रोस्ट द ब्रिंजल्स ओव्हर ड्राय कॉटन स्टॉक्स अँड दे टेस्ट स्मोकी’ लिहा. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याचा वास ज्याने घेतलाय, त्याला ‘स्मोकी’ पुन्हा बघावा लागत नाही. त्याच पानावर ‘रोस्ट’चे शेजारी येतात: तेलात तळलं तर ‘फ्राय’, पाण्यात उकडलं तर ‘बॉइल’, वाफेवर शिजवलं तर ‘स्टीम’. भाजलेलं वांगं कुस्करणं ‘मॅश’, मिरची कुटणं ‘पाउंड’, मसाला दळणं ‘ग्राइंड’.

स्वतःचं वाक्य बरोबर आहे का, हे कसं कळणार? शब्दकोशातल्या वाक्याशी लावून बघा: त्या शब्दाआधी आणि नंतर जे शब्द तिथे आहेत, त्याच जातीचे तुमच्या वाक्यात आहेत का. आणि मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांवर जरा जास्त लक्ष ठेवा, ते इथे राहून बदललेत. आपलं ‘हॉटेल’ म्हणजे शेवभाजी मिळते ती जागा. इंग्रजीत ती ‘रेस्टॉरंट’, ‘हॉटेल’मध्ये मुक्काम करतात. वर्गात विचारायचा असतो तो ‘क्वेश्चन’. ‘डाउट’ म्हणजे शंका खरी, पण अविश्वासाकडे झुकणारी. आणि ‘आय पास्ड आउट इन २०२२’ असं परदेशी माणसाला सांगितलं, तर त्याला वाटेल तुम्ही २०२२ साली बेशुद्ध पडलात. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा.

जोडीतले दोघे एकाच दिवशी नकोत

ही चूक शिकवणारेही करतात. फळ्यावर एका बाजूला ‘डीप’, दुसऱ्या बाजूला ‘शॅलो’, दोन्ही नवे, दोन्ही आज. दोन दिवसांनी विहिरीबद्दलचे दोन शब्द होते एवढं आठवतं, खोल कोणता आणि उथळ कोणता ते आठवत नाही. जवळच्या अर्थाचे दोन कोरे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत अडकतात. म्हणून जोडीतला एक आधीपासून पक्का असला पाहिजे. ‘डीप’ आज शिका, आठवडाभर वापरा, मग ‘शॅलो’ त्याच्या पानावर आणा. ‘डिपॉझिट’ आणि ‘विथड्रॉ’, ‘अराइव्हल’ आणि ‘डिपार्चर’ यांचंही तेच. वही मागे जाऊन भरायची असते. म्हणून तर पानावर जागा सोडायला सांगितलं.

खोकं

ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ चिठ्ठ्या होतात. पुढच्या बाजूला स्वतःचं वाक्य, शब्दाच्या जागी रेघ आणि पहिलं अक्षर. मागच्या बाजूला शब्द, समानार्थी, विरुद्धार्थी. पुढच्या बाजूला मराठी अर्थ लिहू नका, नाही तर पुन्हा यादी पाठ करणंच सुरू होतं.

खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. पहिल्यातली चिठ्ठी दुसऱ्या दिवशी बघायची, दुसऱ्यातली तिसऱ्या दिवशी, मग सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी. बरोबर आली तर पुढच्या कप्प्यात, चुकली तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. कप्प्यांची ही कल्पना १९७२ साली पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी जर्मनीत मांडली; आज मोबाइलवरची बहुतेक चिठ्ठी-अॅप्स त्याच तत्त्वावर चालतात. अॅप वापरलं तरी चालेल, पण चिठ्ठी स्वतः लिहा. दुसऱ्याने बनवलेल्या तयार गठ्ठ्यात वाक्यं दुसऱ्याच्या गावची असतात.

उत्तर तोंडाने म्हणून मगच चिठ्ठी उलटायची. उलटून ‘हो, हे येत होतं’ म्हणणं सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं.

परीक्षेच्या खोलीत

२०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या (एसएससी) पदवीस्तर परीक्षेत पहिल्या टप्प्यात १०० पैकी २५ इंग्रजीचे असतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. शब्दांचे प्रश्न त्यांत हमखास येतात आणि तिथे गुण जातात ते शब्द न आल्यामुळेच असं नाही. ‘सिनॉनिम’ (समानार्थी) विचारलाय की ‘अँटॉनिम’ (विरुद्धार्थी), हे न वाचता उत्तर देणारे पुष्कळ. पर्यायांत दोन्ही मुद्दाम ठेवलेले असतात. त्यामुळे आधी कच्च्या कागदावर ‘स’ किंवा ‘वि’ लिहा.

मग शब्दाची जात बघा. विशेषणाचा समानार्थी विशेषणच असतो. ‘हॅपी’समोर ‘जॉय’ दिसला तर तो नाम आहे, खोडा. वाक्य दिलेलं असेल तर उरलेले पर्याय त्यात बसवून मनात वाचा. वाक्य नसेल तर तुमच्या वहीतलं वाक्य आठवा, त्यात बसवा. तुकडे ओळखून अंदाज करायचा असेल, तर तो ‘इन्व्हॅल्युएबल’च्या भाऊबंदांपैकी नाही ना, एवढं एकदा बघून घ्या.

महिन्यातून एकदा खोक्याचा पहिला कप्पा रिकामा करून टेबलावर पसरा. तीन-चार वेळा परत आलेल्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा. दोष बहुधा डोक्याचा नसतो, वाक्याचा असतो: ते कुणाच्या तरी पुस्तकातून उचललेलं असतं किंवा त्यात शब्दाला काही कामच नसतं. ती चिठ्ठी फाडा आणि त्याच शब्दाला स्वतःच्या घरातलं, वावरातलं, बाजारातलं नवं वाक्य देऊन पहिल्या कप्प्यात टाका. तरीही दोन महिने तो शब्द हाताला लागला नाही, तर खोक्याबाहेर काढा. गरजेचा असेल तर कुठल्या तरी पाकिटावर, फलाटावर तो पुन्हा भेटेल, तेव्हा घ्या.